‘कुछ नी’ म्हणणाऱ्या मुलांशी बोलायचं कसं

लेक नववीत होती तेव्हा आमच्या घराचं दार रोज आपटायचं. दाराशेजारच्या खिडकीत मनीप्लांटची बाटली आहे, तिच्यातलं पाणी हललं की समजायचं, बाईसाहेब शाळेतून आल्या. “काय झालं गं?” विचारलं की आतून उत्तर, “कुछ नी.” घरात आम्ही मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर इंदुरी हिंदी. पण काही लपवायचं असलं की ती नेमकी हिंदीत शिरायची. हे मला कळायला वर्ष गेलं.

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतो आहे. लेक आता कॉलेजात गेली, मुलगा सतरा वर्षांचा आहे. वाचलेलं, वर्गात पाहिलेलं आणि घरी चुकून शिकलेलं असं तिन्ही मिळून हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलं मोठी होताहोता आपल्या घरातली मराठी फक्त हुकमाची आणि चौकशीची भाषा उरते, आणि मनातलं बोलायला मुलांकडे घरची भाषाच राहत नाही. ती परत आणायची तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम : नक्की काय चाललंय ते समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या काळात मेंदूतले भावनेचे आणि ‘मजा हवी’ म्हणणारे भाग आधी जोर धरतात; थांब, विचार कर असं सांगणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून मुलाला अक्कल नाही असं समजू नका. शांत बसून विचार करायचा असेल तर सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाच्या जवळपास पोचलेला असतो. गडबड होते ती डोकं तापलेलं असताना आणि मित्र आजूबाजूला असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ-गेमवर हे तपासलं होतं. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळताना घेतील त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका घेत होती. चोविशीच्या पुढच्यांमध्ये तसा फरक जवळजवळ दिसला नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. अकरा वाजता टक्क जागा असलेला मुलगा मुद्दाम जागत असतोच असं नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि आपण सकाळी सहाची कोचिंग लावून ठेवतो. निदान एवढं तरी करा, की सकाळी साडेसहाला, एक बूट पायात नि एक हातात असताना, चाचणीच्या मार्कांचा विषय काढू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’ ही भावना. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली तिला काल्पनिक प्रेक्षकवर्ग असं नाव दिलं. एका पुटकुळीपायी मुलगी लग्नाला यायला नाही म्हणते ती यामुळे. माझा मुलगा मला शाळेच्या फाटकाच्या अलीकडेच, झेरॉक्सच्या दुकानापाशी स्कूटर थांबवायला सांगायचा. मी फाटकाशी खणखणीत आवाजात “डबा खा रे, बाळा!” म्हणतो, हे त्याचं दुखणं होतं. आधी मला वाईट वाटलं. मग मी झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबायला लागलो.

दुसरं काम : आठवडाभर स्वतःचं बोलणं मोजा

हे फार सोपं आहे आणि फार लागतं. एक छोटी वही घ्या आणि दिवसभरात मुलाशी बोललेलं प्रत्येक वाक्य कुठल्या प्रकारचं ते खूण करून टिपा : हुकूम, चौकशी, टोमणा, किंवा साध्या गप्पा. एका रविवारी मी मांडलं. वाक्यं झाली एकतीस. त्यातली सव्वीस ‘ऊठ’, ‘जेवलीस का’, ‘तो फोन ठेव’, ‘गणिताचं झालं का’ या जातीची. टोमणे तीन. गप्पेत बसतील अशी दोन, आणि त्यातलं एक कुत्र्याबद्दल होतं.

गणिताच्या मास्तराला आकडे समोर आले की वाद घालता येत नाही.

वही मुलाला दाखवू नका, नवरा-बायकोने आपसात बघा. दुसऱ्या आठवड्यात फक्त टोमणे बंद करायचे, बाकी काही बदलायचं नाही. एकदम सगळं गोड बोलायला लागलात तर मुलाला वाटेल कुणाचं तरी काहीतरी झालंय.

तिसरं काम : भावनेचे शब्द घरात परत आणा

मुलांना विचारा कसं वाटतंय, तर उत्तरं साधारण चार : बोर, इरिटेट, मूड ऑफ आणि कुछ नी. आता आपल्याकडे काय काय आहे ते बघा. चिडणं वेगळं, वैतागणं वेगळं. रुसणं वेगळं, फुरंगटणं वेगळं, हिरमुसणं तर अगदीच वेगळं. खट्टू होणं, ओशाळणं, खजील होणं, कानकोंडं होणं, धास्ती, हुरहूर, घुसमट, हेवा, मत्सर. आजीच्या बोलण्यात हे शब्द रोज होते. आपल्या पिढीने ते पुस्तकात ठेवले.

हा नुसता भाषाप्रेमाचा मुद्दा नाही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की भावनेला शब्द दिला की अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, थोडा शांत होतो. नुसता राग आणि ‘माझा अपमान झाला म्हणून राग’ यात फरक आहे. दुसऱ्याचं पुढे काहीतरी करता येतं.

करायचं कसं? शब्दांचा तक्ता करून फ्रिजवर लावू नका, मुलं हसतील. हे शब्द आधी स्वतःबद्दल वापरा. जेवताना सहज, “आज स्टाफरूममध्ये माझं नाव यादीत नव्हतं, मी जरा खट्टूच झालो.” बस. त्यावर प्रश्न नको, शिकवण नको. आमच्याकडे तीनेक आठवड्यांनी मुलगा ताटात बघत म्हणाला, “आज सरांनी सगळ्यांसमोर माझी कॉपी (म्हणजे वही) वाचून दाखवली. एकदम कानकोंडं झालो यार.” ‘यार’सकट चालेल.

मुलाला काय वाटतंय याचा अंदाज तुम्हाला सांगायचाच असेल तर अंदाज म्हणूनच सांगा : “मला वाटतं तुला राग कमी नि वाईट जास्त वाटलं असावं, चुकत असेन.” तो म्हणेल, “नाही बाबा, ते नाही.” म्हणू दे. नाही म्हणता म्हणता खरं काय ते त्याला शोधावं लागतं.

आता माझी चूक सांगतो. एकदा लेक रडत बाहेर आली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला मैत्रिणींचं ठरलं होतं आणि तिला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. हुंदके देत सांगायला लागली, “तिने मला बोलली की...” आणि मी म्हणालो, “‘ती मला म्हणाली’ म्हणावं.” ती थांबली. माझ्याकडे बघितलं, नाक पुसलं, “कुछ नी” म्हणाली आणि आत गेली. बाटलीतलं पाणी हललं. माझी बायको ओट्यापाशी उभी होती, तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

तेव्हा नियम असा : रडताना आणि रागात व्याकरण सुधारायचं नाही. मूल हिंदीत सांगत असेल तर हिंदीत ऐका, उत्तर तुम्ही मराठीत द्या. ‘मराठीत बोल आधी’ म्हणालात की पुढच्या वेळी ते कुठल्याच भाषेत बोलणार नाही.

चौथं काम : बोलायला समोरासमोर बसवू नका

‘बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय’ हे वाक्य ऐकलं की मूल आरोपी होतं. शेजारी-शेजारी असलं, हात कशात तरी गुंतलेले असले, डोळ्याला डोळा भिडत नसला की तोंड उघडतं. स्कूटरवर मागे बसलेलं मूल खूप बोलतं. शेंगा सोलताना बोलतं. रात्री गच्चीवरचे कपडे काढताना बोलतं.

इंदूरकराला यासाठी वेगळं काही शोधायला नको, रविवारचे पोहे आहेत. मी मुलाला घेऊन सकाळी छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीत, जातो. अट एकच : जाताना-येताना अभ्यास, मार्क, कोचिंग हे शब्द काढायचे नाहीत. पहिले तीन रविवार तो फोनमध्ये होता. चौथ्या रविवारी त्याने पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरवला, शेव बाजूला सारली, आणि चमच्याने एकेक सौंफ वेचत म्हणाला, “बाबा, तुम्हाला कधी असं झालं होतं का, की सगळे दोस्त एका साइडला नि तुम्ही एकटे?” माझ्या तोंडात जिलबी होती. ती नसती तर मी लगेच उपदेश केला असता. जिलबी संपेपर्यंत तो आणखी चार वाक्यं बोलला होता.

ज्यांच्या तोंडात जिलबी नसेल त्यांनी मनात दहापर्यंत मोजावं. मग एवढंच : “मग पुढे?” ‘का केलंस’ टाळा, त्यात खुलासा मागितल्यासारखं वाटतं, ‘काय झालं’ चालतं. ‘आमच्या वेळी’ तर काढूच नका. आणि एक प्रश्न मला फार उपयोगी पडला : “नुसतं ऐकू, की काही सुचवू?” दहापैकी आठ वेळा उत्तर ‘नुसतं ऐका’ असतं.

पाचवं काम : मित्रांचं दुःख छोटं समजू नका

झांक्यांकडे परत येतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, इंदूरच्या कापड गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या नावाने झांक्या आजही निघतात आणि सारं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. त्या रात्री मैत्रिणींच्या घोळक्यात नसणं म्हणजे काय, ते चौदाव्या वर्षीच कळतं. ‘एवढ्याने काय होतं, आपण जाऊ ना तुला घेऊन’ हे आपलं उत्तर. नाओमी आयझनबर्गर यांनी २००३ साली एका प्रयोगात, संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून वगळलेल्या माणसाच्या मेंदूत शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेले भाग जागे होतात हे दाखवलं. चेंडू न देणाऱ्या खेळात हे होतं, तर शाळेतल्या ग्रुपचं काय?

अशा रात्री काय करायचं : दुसऱ्या मुलीच्या आईला फोन लावायचा नाही. ग्रुपवर उत्तर लिहायला लावायचं नाही. खायला द्यायचं, जवळ बसायचं. दुसऱ्या दिवशी विचारायचं, “तुला काय व्हायला हवंय? परत ग्रुपमध्ये जायचंय, की ती एक मैत्रीण तरी हवी आहे, की नुसतं कळायला हवंय की का काढलं?” या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. माझ्या लेकीला कारण हवं होतं. दोन दिवसांनी तिने एकीलाच गाठून विचारलं. कारण फुसकं निघालं, मैत्री काही जुळली नाही, पण ती झोपायला लागली. मात्र नावं ठेवणं, धमक्या, पैसे मागणं, मारहाण असं रोज चालू असेल तर ते मुलावर सोडू नका. तारीखवार लिहून काढा आणि वर्गशिक्षकांना भेटा.

या सगळ्यावर दीर्घ मुदतीचा उपाय एकच मला ठाऊक आहे : शाळेबाहेरचा दुसरा घोळका. मल्लखांब, तबला, क्रिकेट, गणेशोत्सवातल्या एकांकिकेची तालीम, काहीही. एका ठिकाणी पडलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी उभं राहतं.

सहावं काम : परवानगीची बोलणी करा

सरसकट ‘नाही’ म्हटलं की मुलं खोटं बोलायला शिकतात, सरसकट ‘जा’ म्हटलं की त्यांना वाटतं कुणाला पर्वा नाही. आमच्याकडे कागदावर पाच ओळी लिहितात : कोण बरोबर, कुठे, परत कसं, किती वाजता, आणि बेत बदलला तर कुणाला कळवायचं. ओळी मुलाने लिहायच्या. वेळेवर ताणाताणी होते, होऊ द्या. मुलगा म्हणाला दोन, मी म्हणालो अकरा, साडेबारावर आलो. ठरल्याप्रमाणे आला तर पुढच्या वेळी अर्धा तास वाढतो, उशीर झाला तर अर्धा तास कमी होतो. भाषण नाही.

शिवाय एक सांकेतिक निरोप ठरवा. आमचा आहे : “आजीची गोळी कुठे ठेवली?” असा मेसेज आला की मी काही न विचारता फोन करतो आणि ओरडून सांगतो, लगेच घरी ये. मित्रांसमोर वाईट बाप मी ठरतो, मुलाची लाज राहते. मग जाऊन घेऊन येतो. त्या रात्री चौकशी करायची नाही, हा करार आहे. दोन वर्षांत निरोप एकदाच आला. तो का आला होता, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

गाडीच्या बाबतीत मात्र बोलणी नाहीत. १६ व्या वर्षी जे लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. आपल्या घराखाली उभ्या असतात त्या स्कूटरी शंभर सीसीच्या वरच्या, त्यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘कोपऱ्यापर्यंतच तर जातो’ असं म्हणणाऱ्यांनी स्टाइनबर्गचा प्रयोग आठवावा : कोपऱ्यावर दोन मित्र उभे असतात.

सातवं काम : फोन

मी लेकीचा फोन चोरून वाचला होता. ती अंघोळीला गेली होती, पासवर्ड मला माहीत होता. फोनमध्ये काही निघालं नाही. एका मैत्रिणीला तिने माझ्याबद्दल लिहिलं होतं, “पापा सुनते नी, चेक करते हैं.” त्याच संध्याकाळी मी मूर्खासारखा त्या वाक्यावरून तिच्याशी भांडलो. तिने पासवर्ड बदलला, दुसरं खातं उघडलं, आणि पुढचे आठ महिने मला खरोखरच काही कळलं नाही. मी माफी मागितली ती फार उशिरा, आणि तेव्हाही वाक्याच्या शेवटी ‘पण’ लावला. ‘पण’ लावलेली माफी मुलं धरत नाहीत. नंतर एकदा बिनपणाची मागितली, तेव्हा ती म्हणाली, “ठीक आहे.” तेवढंच.

म्हणून आता आमचा नियम उघड आहे. रात्री साडेदहाला सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आई-बाबांचेसुद्धा. हे ‘सुद्धा’ पाळलं नाही तर नियम आठवडाभरही टिकत नाही. जीवाला धोका आहे असं वाटलं तरच फोन बघणार, आणि सांगून बघणार.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य असं यायला हवं : “चूक कुणाची ते नंतर, आधी आपण हे सोडवू.” चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, पैसे देऊ नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या. हे वाक्य प्रसंग येण्याआधीच, पेपरात तशी बातमी आली की सहज बोलून ठेवा. म्हणजे वेळ आली तर मूल तुमच्याकडे येईल.

आठवं : ‘मी कोण’ची घाई नको

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन या वयाचं मुख्य काम ‘स्वतःची ओळख घडवणं’ असं सांगतात. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये त्यात एक बारकावा दाखवला : काही मुलं शोध न घेताच दुसऱ्याने दिलेली ओळख अंगावर चढवतात. आठवीतलाच मुलगा ‘आयआयटी’ म्हणतो तेव्हा पाहुणे खूश होतात. मला वर्गात अशांचीच जास्त काळजी वाटते. दर सहा महिन्यांनी नवं खूळ घेणारा, गिटार घेऊन मग ती टाकणारा मुलगा खरं तर आपलं काम करत असतो. खर्च मात्र भाड्याच्या गिटारीवर ठेवा.

मराठीपणाचंही तेच. होळकरांच्या वेळेपासून इथे असलेल्या घरातला माझा मुलगा म्हणतो, “अपन तो इंदौरी हैं.” आजीला झोंबतं. मला नाही झोंबत; कानकोंडं तो मराठीतच होतो.

नववं : हे घरात सुटण्यासारखं नाही, हे कधी ओळखायचं

चिडचिड येते-जाते. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज उदास किंवा उखडलेला असणं, झोप-भूक पार बदलणं, आवडीच्या गोष्टी आणि मित्र दोन्ही सुटणं, मार्क अचानक घसरणं, अंगावर कापल्याच्या खुणा, उन्हाळ्यातही लांब बाह्या, नशा, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, ब्लेड कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट चालतो. मराठीतही बोलता येतं.

नेताना ‘दाताच्या डॉक्टरकडे जातोय’ असलं काही सांगू नका. “मला तुझी काळजी वाटते, मला यातलं कळत नाही, म्हणून कळणाऱ्याकडे जाऊ” असं म्हणा. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतो म्हणाले तर बाहेर बसा. आणि बाहेर आल्यावर ‘काय काय बोललास?’ विचारू नका. स्कूटर काढा, त्याला मागे बसवा, पोहे खायला न्या.